भुंगीचा अंदाज

४ जून

ताई,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता. परवा मी म्हटलं, "ह्यांच्या नाकाला नळी लावलीय," तर तुम्ही म्हणालात, "नळ बसवला ते बरं केलं, पाण्याची सोय झाली." एवढ्या काळजीतही मला हसू आलं. तेव्हा इथून पुढे दोघींनी लिहिलेलंच बरं.

तुमचा भाऊ अजून दवाखान्यातच आहे. ताप उतरला, पण फुप्फुसं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वाट बघू. गुडघ्यांचं दुखणं घेऊन एवढा दिवसभराचा प्रवास तुम्ही करू नका. इथे मी आहे, शेजारच्या काकू डबा देतात, आणि भुंगी आहेच सगळ्यांच्या डोक्याला.

केंद्र मी बंद ठेवलेलं नाही. शनिवारचा वर्ग घेतला. तुम्ही मागे विचारलं होतंत, तुझ्या त्या केंद्रात शिक्षकांना शिकवतेस तरी काय? सांगते. पुढे सतरंजीवर मुलं, मागे बाकांवर वीसेक शिक्षक. मुलांनी विचारायचं आणि शिक्षकांनी तोंड बंद ठेवायचं. मुलाने काही विचारलं की उत्तर द्यायचं नाही, "तुला काय वाटतं?" असं उलट विचारायचं. मग "असं का वाटतं?" मग "तपासून बघू या." मुलं आधी अंदाज सांगतात, मग प्रयोग होतो, आणि ज्याचा अंदाज बरोबर येईल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्या माणसाने आयुष्यभर उत्तरंच दिली त्याला तासभर गप्प बसवणं किती अवघड, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमची भुंगी या वर्गाची राणी आहे. सात वर्षांची पोर, पण शिक्षक तिच्यासाठी येतात म्हटलं तरी चालेल. शनिवारी अंडं साध्या पाण्यात बुडालं आणि मिठाच्या पाण्यात तरंगलं, तर हिने विचारलं, "अंड्याला कळतं का, पाणी खारट झालंय ते?" मागच्या बाकांवर सगळ्यांच्या माना खाली, लिहून घेतायत!

आणि मंगळवारी दवाखान्याच्या जिन्यात तिने मला थांबवून विचारलं, "आई, बाबा घरी येणार का?" ताई, दुसरी कोणी असती तर "येणार गं, लवकरच" म्हणून मोकळी झाली असती. मी खोटा धीर दिला नाही. तिच्याजवळ पायरीवर बसले आणि विचारलं, "तुला काय वाटतं?" तिने कठडा घट्ट धरला. मग म्हणाली, "नाही येणार." असं का वाटतं, विचारलं. म्हणाली, "बाबांच्या बोटाला तो चिमटा लावतात ना, त्याच्यावरचा आकडा रोज कमी होतो. एकदाही वाढला नाही." काय निरीक्षण आहे बघा. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "छान विचार केलास."

तब्येतीला जपा.

तुमची भावजय


११ जून

मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. नळाबद्दल हसलीस ते बरं झालं, माझ्या कानांचा तेवढा तरी उपयोग.

एक सांगू? मूल बापाबद्दल विचारतं तेव्हा ते तुझ्या सतरंजीवर बसलेलं नसतं गं. त्याला तिथे आई हवी असते. तुझी पद्धत चांगली असेल, मी नाही म्हणत नाही. आम्ही सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली आणि मुलांनी ती परीक्षेपुरती पाठ केली, हे मला मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतूनही दिसत होतं. पण भाजी चिरायची सुरी चांगली आहे म्हणून तिने कोणी लेकराचे केस कापत नाही.

आणि अंदाज बरोबर आला की टाळ्या, हे काय? मग चुकलेल्याने काय करायचं, कान धरायचे? माझ्या शाळेत मी निदान उघडपणे धरायला लावायचे.

आता मुद्द्याचं. डॉक्टर वाट बघू म्हणतात म्हणजे कशाची वाट? मला स्पष्ट लिही. बाळ्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे, बाई ओरडायच्या, तरी न्यायचे. गुडघ्यांचं मी बघून घेईन. तू फक्त "या" एवढं लिही.

तुझी नणंद


२ जुलै

ताई,

तुम्ही पोहोचलात तेव्हा सगळं संपलेलं होतं, आणि "या" असं मी का लिहिलं नाही याबद्दल तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही परत गेल्यापासून घरात आम्ही दोघी. आज लिहितेय ते भुंगीसाठी. ती काही विचारत नाही, ताई. आधी वाटलं, दुःख आहे, ओसरेल. पण ती रडतही नाही. बाबांबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. जेवायला काय करू विचारलं तर खाली बघते. हा फ्रॉक की तो, विचारलं तर दोन्ही कपाटात ठेवते आणि घरातल्याच कपड्यांवर निघते. हो नाही, नाही नाही. पूर्वी मी वैतागून म्हणायचे, "बाई गं, पाच मिनिटं तरी गप्प बस." आता घरातलं घड्याळ ऐकू येतं.

शनिवारी मी तिला केंद्रात नेलं. नेऊ नये हे कळत होतं, पण सप्टेंबरात समिती येणार आहे. केंद्र चालू ठेवायचं की आमच्या दोन खोल्या दुसऱ्या कोणाला द्यायच्या, हे ती ठरवणार. आणि खरं सांगू, मला वाटलं सतरंजीवर बसली की तिची जुनी खोड जागी होईल. लिंबू पाण्यात टाकायचं होतं. माझ्याकडे शिकायला येणारे ते उंच शिक्षक आहेत, त्यांनी फार मायेने विचारलं, "बुडेल की तरंगेल? तुला काय वाटतं?" तिने दोन्ही कान घट्ट दाबले आणि डोळे मिटून घेतले. तशीच बसून राहिली. शेवटी मी तिला उचलून बाहेर नेलं, तर अंग लाकडासारखं ताठ.

मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हणाले, वेळ द्या. मी शेकडो शिक्षकांना सांगत आले की मूल गप्प झालं तर चूक आपली समजा. माझी कुठली चूक ते कोणी मला सांगेल का? नवरा गेला, आणि ही समोर असून नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच असेल. मला काही सुचत नाही, ताई. तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

तुमची भावजय


८ जुलै

मास्तरीणबाई,

तिला इकडे पाठव. समितीसमोर बसवायला दुसरी मुलं शोध. ती तुझी लेक आहे, लिंबू नाही.

माझं घर रिकामं आहे. मी तिला एकही प्रश्न विचारणार नाही. इतकी वर्षं विचारून विचारून माझंही पोट भरलंय. शेजारचा रिक्षावाला स्टेशनवर येईल, मीही येईन.

ताई


२ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

हे पत्र बसून वाच.

ठरल्याप्रमाणे मी तिला काही विचारलं नाही. ताट वाढायचं, ताट उचलायचं. ती गॅलरीत बसायची, मी आत. दोन आठवडे असेच गेले. परवा दुपारी ढग आले आणि माझे कपडे दोरीवर. जित्याची खोड, मी सवयीने बोलून गेले, "पाऊस येईल का गं, तुला काय वाटतं?" पोर धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं. म्हणाली, "मला नको विचारू. मी म्हटलं की होतं."

मी तिला मांडीवर घेतलं. कपडे भिजले, भिजू दिले. हळूहळू सगळं निघालं. तू जिन्यात तिला विचारलंस. तिने "नाही येणार" म्हटलं. तू "छान विचार केलास" म्हणालीस. आणि बाबा आले नाहीत. म्हणजे अंदाज बरोबर आला. पुढचं तिच्याच शब्दांत लिहिते, मला बदलवत नाही. "घरात सगळे जमले होते ना, मला वाटलं आता टाळ्या वाजवतील."

मी म्हटलं, अगं वेडे, आपण म्हटल्याने माणूस जात नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसं झालं ते. तर दुसरा सबंध दिवस ती गॅलरीतून समोरच्या झाडावरचे कावळे बघत बसली. संध्याकाळी येऊन सांगते, "एकही फांदी तुटली नाही. पण कधीतरी तुटते. नाहीतर म्हण झाली नसती." मी म्हटलं, मी मोठी आहे, मी सांगते, तुझ्या बोलण्याने काही झालेलं नाही. तर म्हणाली, "मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानायचं नाही. तपासल्याशिवाय मानायचं नाही. आई म्हणते."

घे! आता काय करू? तुझंच पोर आहे, तूच सांग. बोलायला लागली आहे हे खरं, पण विचारत अजून काही नाही. प्रश्न म्हणून एक शब्द नाही.

आणि मला एक सांग. तिने जिन्यात विचारलं, त्या दिवशी डॉक्टर तुला काय म्हणाले होते?

ताई


९ ऑगस्ट

ताई,

सांगते. त्याच सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावून सांगितलं होतं, की आता आशा धरू नका. वाट बघू हा शब्द माझा. खोलीतून बाहेर आले आणि जिन्यात भुंगीने विचारलं. मला "नाही" म्हणवेना. मी ते तिच्या तोंडून काढून घेतलं. इतकं सरळ आहे, आणि मी ते तुम्हाला शिक्षणपद्धती म्हणून लिहून पाठवलं.

तुम्हालाही मी म्हणूनच "या" लिहिलं नाही. तो शब्द लिहिला की ते खरं होईल, असं मला वाटत होतं. विज्ञान शिकवणारी मी! भुंगीला कशाला हसू? तुमची आणि तुमच्या भावाची भेट माझ्यामुळे राहिली, ताई. याला माफी कुठल्या शब्दात मागतात ते मला येत नाही.

शनिवारी वर्गात टाळ्या बंद केल्या. एका नव्या बाईंनी विचारलं, "का बंद केल्या?" मी सांगितलं, अंदाज बरोबर येणं ही काही कर्तबगारी नाही, अंदाज म्हणजे फक्त आपल्याला आत्ता काय वाटतं ते. त्या उंच शिक्षकांनी मागून विचारलं, "बाई, मुलाने विचारलेल्या गोष्टीचं उत्तर आपल्याला माहीत आहे, पण सांगवत नाही. तेव्हा काय करायचं?" त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी साधंच विचारलं होतं. मी फळा पुसायला लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातली गत. वर्ग लवकर सोडला.

तिच्यापुरतं मला एवढंच सुचतं. तिला सांगून काही होणार नाही, ते तुम्ही म्हणता तसं माझंच पाप. तिचे अंदाज चुकताना तिला दिसायला हवेत. छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा. मी यायला निघते, पण ती मला बघून पुन्हा मिटली तर? तुम्ही म्हणाल तसं करते.

तुमची भावजय


२० ऑगस्ट

मास्तरीणबाई,

इतक्यात येऊ नकोस. गाडं हललंय.

माफीचं बोलू नकोस. दुखतं मला, आणि अजून बरेच दिवस दुखेल. पण पोरीचं आधी.

तू म्हणालीस तसं केलं. आधी तिच्याकडून म्हणवून घेतलं, "आज नळाला पाणी येणार नाही." हे म्हणायला दोन दिवस लागले. पाणी आलं. तिने बादलीत हात घालून बघितलं, की खरंच ओलं आहे का. मग "दूधवाला येणार नाही," तर तो नेहमीपेक्षा लवकर हजर. मला वाटलं जिंकले. तर बाईसाहेब म्हणतात, "पाण्याचं आणि दुधाचं चालत नाही. माणूस मरायचं बघायला पाहिजे."

आता बघ, माझ्यासमोर कोण बसलंय ते मला कळलं. मी म्हटलं, मग माझं म्हण. म्हण, आत्या मरेल. ती टेबलाखाली जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर येईना. मी पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून आली, कानाशी तोंड नेलं, तेही चांगल्या कानाशी, आणि म्हणाली, "आत्या उद्या मरेल." आणि जी मला बिलगली, बिलगूनच झोपली. सकाळी माझी पापणी बोटाने वर करून बघत होती. मी ओरडले, "जिवंत आहे, चहाचं आधण ठेवते!" तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते तू बघायला हवं होतंस.

मी म्हटलं, झालं ना समाधान? नाही! "एकदा झालं ते धरायचं नाही. पुन्हा पुन्हा करून बघायचं." हेही तुझंच. म्हणून आता रोज संध्याकाळी ती मला मारते आणि रोज सकाळी मी उठते. जेवण सुधारलंय. काल गॅलरीत एकटीच गुणगुणत होती.

माझं छातीचं एक किरकोळ काम आहे, सप्टेंबरात काही दिवस दवाखान्यात राहावं लागेल. तोवर आमचा प्रयोग आटपेल. काळजी करू नकोस.

ताई


२४ ऑगस्ट

ताई,

थांबवा. हे पत्र मिळेल त्या क्षणी थांबवा.

छातीचं किरकोळ काम म्हणजे काय? तुमच्या घरी फोन केला, तुम्ही म्हणालात "हवा छान आहे." मग मी शेजारच्या रिक्षावाल्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही जिन्यात दोनदा चक्कर येऊन खाली बसलात, आणि त्यानेच तुम्हाला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. हृदयाची झडप आहे ना? आणि माझी पोर रोज संध्याकाळी तुमच्या कानात काय म्हणते ते तुम्ही मला हौसेने लिहिता!

तुम्हाला काही झालं तर तिचं काय होईल याचा विचार केलात का? बाबांच्या वेळी तिने एकदाच म्हटलं होतं. तुमचं ती रोज म्हणतेय. मग तिला कोण, कसं आणि काय तपासून दाखवणार? ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, ताई. मी तिला कायमची गमावून बसेन. आणि तुम्हालाही. मला आता तुमच्याशिवाय कोण आहे?

हवं तर उलट म्हणायला लावा. "आत्या जगेल" असं म्हणायला लावा. नाहीतर तिला लगेच इकडे पाठवा, मला न्यायला येऊ द्या. मी हात जोडते.

तुमची भावजय


३० ऑगस्ट

मास्तरीणबाई,

रिक्षावाल्याला मी चांगलं सुनावलंय.

झडपच आहे. लपवलं ते चुकलं. या घराण्यात लपवण्याचं खूळ एकटीला थोडंच आहे?

तुझं पत्र वाचून मी सबंध दिवस डोक्याला हात लावून बसले. थांबवायचं तर खरं, पण कसं? "मरेल" म्हणाली आणि मी गेले, तर पोर संपली. "जगेल" म्हणाली आणि मी राहिले, तर तिची खात्रीच पटेल की सगळं तिच्या जिभेवर आहे, आणि उद्या दुसरं कोणी गेलं की पुन्हा तेच. इकडे आड, तिकडे विहीर. माझ्या सगळ्या मुख्याध्यापिकी काळात असा पेच पडला नव्हता.

शेवटी मी तिला खरं सांगितलं. आत्याचं हृदय बिघडलंय, डॉक्टर ते उघडून नीट करणार. पुष्कळ माणसं बरी होतात, काही होत नाहीत, आणि माझं काय होईल ते कोणालाच माहीत नाही. तेव्हा आपला खेळ बंद. या वेळी तू काहीही म्हणायचं नाही. तिने मान डोलावली. मग माझ्याबरोबर दवाखान्यात यायचंच म्हणून हट्ट धरला.

माझं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, घाईतल्या. माझे कागद बघत होत्या. भुंगी माझ्या खुर्चीमागून पुढे आली आणि म्हणाली, "तुम्ही आत्याला आत नेल्यावर मी बाहेर काही म्हटलं, तर तुमचा हात हलेल का?"

विचारलं गं! ऐकलंस का? प्रश्न विचारला!

त्या बाईंनी कागद खाली ठेवले. "तुला काय वाटतं" वगैरे काही नाही. म्हणाल्या, "नाही हलणार. दार बंद असतं, बाहेरचं काही ऐकू येत नाही. माझा हात मी शिकलेय तसा चालतो." भुंगीने विचारलं, "मग बाबांच्या डॉक्टरांना ऐकू गेलं होतं का? तेव्हा जिन्याजवळचं दार उघडं होतं."

त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. ते तुझ्याकडे आहे. त्या दिवशी डॉक्टरांना आधीच सगळं माहीत होतं, आणि तुलाही, हे तिला तूच सांगायचं आहेस. समिती गेली खड्ड्यात. दहा तारखेला मला आत नेतील, त्याच्या आदल्या दिवशी ये.

मला भीती वाटते. कोणाला सांगितलेलं नाही, तुला लिहिते.

ताई


२१ सप्टेंबर

ताई,

तुमच्या पत्राचं उत्तर मी लिहिलं नाही, स्वतःच आले, आणि आता तुम्ही नाही. तुमच्याच टेबलाशी बसलेय. हे पाठवायचं नाही, पण तुम्हाला लिहायची सवय लागली आहे आणि सांगायचं आहे ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

समितीसमोरचा वर्ग त्या उंच शिक्षकांनी घेतला. त्यांचं पत्र आलंय, केंद्राचं काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. आत्ता त्याच्याकडे माझं लक्षही नाही.

तुम्हाला आत नेताना तुम्ही नर्सला बजावत होतात, "माझे दात नीट ठेवा, बाई, नवीन आहेत." दार बंद झाल्यावर भुंगी दारापाशी गेली आणि फटीला चिकटून उभी राहिली. मला वाटलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते ती तपासतेय, आतलं काही ऐकू येतं का ते. बऱ्याच उशिरा येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. पाय हलवत राहिली. मग विचारलं, "बाबा येणार नाहीत हे तुला माहीत होतं का?"

ताई, माझ्या ओठांवर तोच जुना प्रश्न आला. सवय किती खोल गेलेली असते बघा. मी तो गिळला आणि म्हटलं, "हो. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं."

"मी म्हणायच्या आधी?"

"तू म्हणायच्या आधी."

"मग मला का विचारलंस?"

"मला स्वतःला म्हणवत नव्हतं म्हणून. ते मी करायला नको होतं, भुंगे."

पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. नुसतं मोठ्यांनी सांगितलेलं ती मानत नाही, हे तुम्हीच लिहिलं होतंत. मला वाटलं हेही तसंच वाया गेलं. मी सात वर्षं तिला शिकवलं ते आता माझ्याच आड येऊन उभं होतं, आणि त्याच्या पलीकडे जायला माझ्याकडे काही नव्हतं.

दुपार उलटल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. त्यांनी मला बाजूला बोलावलं, दार लावून सांगायला. मी गेले नाही. इथेच सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं. मग मी भुंगीकडे वळले आणि म्हटलं, "आत्या गेली. डॉक्टरांनी खूप केलं, पण तिचं हृदय पुन्हा सुरू झालं नाही."

"नाही," ती म्हणाली. "मी जगेल म्हटलं होतं."

मला कळेना. तुम्ही तिला काही म्हणू नको सांगितलं होतंत.

"आत्याने नको सांगितलं होतं, तरी मी म्हटलं. रोज म्हटलं. मनात नाही, तोंडाने. आत्ता दाराच्या फटीतूनपण म्हटलं. खूप वेळा म्हटलं." तिचा आवाज चिरत चालला. "माझा अंदाज चुकला."

मी तिला जवळ ओढायला गेले तर तिने हाताने थांबवलं. तिचं काही चाललं होतं आतमध्ये, आणि ते पुरं झाल्याशिवाय ती मला येऊ देणार नव्हती. मी तशीच हात पुढे करून बसले. कॉरिडॉरमधून कोणी चाकाची खुर्ची नेत होतं, तिने पाय आत घेऊन वाट दिली.

"म्हणजे मी म्हटल्याने होत नाही," ती म्हणाली.

"नाही होत."

"बाबांचंपण नाही?"

"बाबांचंपण नाही."

मग ती रडायला लागली. तोंड उघडून, सगळा कॉरिडॉर वळून बघेल अशी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं तुमच्यासाठी रडतेय, म्हणून मी आत्याला दुखलं नाही, आत्या झोपेत होती, असं काहीबाही समजावत राहिले. तिने माझ्या खांद्यात डोकं खुपसून जोरजोरात मान हलवली. ती बाबांना हाक मारत होती, ताई.